एकनळीची वाटणी

हॉलमध्ये सोफ्याच्या वर, घड्याळाच्या डाव्या हाताला, दोन खुंट्यांवर एक बंदूक आडवी पहुडलेली असे. एकनळी, इंग्रजी बनावटीची, आणि वयोमानाने अगदी निरुपद्रवी. काडतूस पेटवणारी तिची आतली टोचणी सरकारी परवानगीने कधीच काढून टाकलेली होती. त्यामुळे ती उडालीच असती तर फार तर खुंटीवरून उडाली असती. पण तिच्यावरून त्या घरात जेवढे बार उडाले, तेवढे तिच्या उमेदीच्या काळात तिच्यातून तरी उडाले असतील की नाही, शंकाच आहे.

घरात दोघीच. नणंद आणि भावजय. अख्खी इमारत एकीला आत्या म्हणायची आणि दुसरीला वहिनी, अगदी पेपरवाल्यापासून ते तळमजल्यावरच्या डॉक्टरांपर्यंत.

आत्या ताडमाड उंच. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून घरच्यांनी चिमी नाव ठेवलं. पुढे ती वाढली, नाव वाढलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर म्हणायची, लाइन बिझी होती. वहिनी तिच्या खांद्याला लागायची. गोल, गोरी, हाताला सतत काहीतरी काम हवं असलेली. दिसली वस्तू की पूस, दिसला डाग की घास. तिने घासून घासून घरातल्या चमच्यांवरची नक्षी गुळगुळीत केली होती आणि दाराच्या पितळी पाटीवरचं आडनाव आता फक्त माहीत असणाऱ्यालाच वाचता येत होतं.

वहिनी रागावली की आत्याला "वन्सं" म्हणायची. एरवी चिमे.

तर बंदूक. आत्याचं म्हणणं, ती तिच्या पणजोबांची. पणजोबा, आजोबा, वडील अशी हातोहात आलेली. दस्त्याच्या कडेला कुत्र्याच्या दातांचे व्रण होते. लहानपणी ती त्या खळग्यांत बोटं घालून बसायची. ही खूण काय खोटी? वहिनीचं म्हणणं, बंदूक तिच्या वडिलांची. त्यांनी तरुणपणी हौसेने नवीकोरी घेतलेली. नळीच्या टोकापासून वीतभर आत एक पोचा होता. वडिलांच्या हातून ती खडकावर आपटली, तेव्हा वहिनी तिथे उभी होती. लग्नानंतर ती पहिल्यांदा काही आठवडे माहेरी राहून परत आली, तर हॉलच्या भिंतीवर तोच पोचा. जावयाला दिली असणार, तिने मनाशी म्हटलं, आणि डोळे पुसले. त्याआधी त्या भिंतीवर काय होतं? वहिनी म्हणायची, ते कुणी बघितलंय, नव्या सुनेची मान वर कुठे असते.

हा वाद दादाच्या हयातीतला. दादा म्हणजे आत्याचा भाऊ, वहिनीचा नवरा. दोघी निवाड्यासाठी त्याच्याकडे जायच्या. तो पेपर खाली करायचा आणि म्हणायचा, "दोघींचंही खरं आहे." मग पेपर वर. बायको आणि बहीण यांच्या कात्रीत सापडलेला पुरुष आणखी काय बोलणार, असं म्हणून दोघी त्याला एकमुखाने भित्रा ठरवायच्या. त्यांचं एकमत होण्याचा तो एकच विषय. दादा गेल्यावर तोही संपला.

पण भांडण भांडणाच्या जागी आणि निगा निगेच्या. दर रविवारी बंदूक खाली उतरायची. वर्तमानपत्रावर आडवी व्हायची. वहिनी जुन्या बनियनचा तुकडा आणि पॉलिशची डबी घेऊन नळीशी बसायची, आत्या जवसाच्या तेलाची बाटली घेऊन दस्त्याशी. लोखंड वहिनीचं, लाकूड आत्याचं. हे कोणी ठरवलं नव्हतं, तसं पडून गेलं होतं. दोघी आपापल्या टोकाला चोळत बसायच्या आणि मधल्या घोड्यावरून एकमेकींना टोमणे मारायच्या.

हे असंच चाललं असतं. पण वहिनीच्या मुलाला, म्हणजे आत्याच्या भाच्याला, मुलगी झाली आणि तो दूरच्या शहरातून रोज फोन करायला लागला. आई, आता इकडेच ये, कायमची ये. वहिनीने आधी टाळलं, मग विचार करते म्हटलं, मग एका सकाळी चहा ओतता ओतता आत्याला सांगितलं की जावं म्हणते. तिने चहा ओतताना एवढा वेळ लावला की कप भरून बशीही भरली.

आत्याच्या त्या क्षणी अगदी ओठांवर एक वाक्य आलं होतं. ते बाहेर आलं असतं तर पुढची गोष्टच घडली नसती. पण आत्याने बशीतला चहा कपात ओतला आणि म्हणाली, जा की. नात बघायची नाही का?

वहिनीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, ठीक आहे. बंदूक घेऊन जाईन.

झालं. इथून पुढे घरात जाण्याबद्दल अवाक्षर नाही, नुसती बंदूक. ती पणजोबांची, ती वडिलांची. वन्सं, हात लावून बघा. हात लावायचा काय त्यात, भिंतच माझी आहे. शेवटी कंटाळून भाच्यानेच तोडगा काढला. म्हणाला, आत्याच्या पणजोबांची असेल तर बंदूक शंभरीच्या कितीतरी पुढची असणार. आईच्या वडिलांनी नवी घेतली असेल तर तेवढी जुनी असूच शकत नाही. मग जाणकार माणूस बोलवा, वय काढा, मिटवा. दोघींना पटलं. दोघींनाही निकालाची खात्री होती.

बंदूकवाला दुपारी आला. जुन्या बंदुकांची पारख आणि दुरुस्ती हा त्याचा धंदा. माणूस ऐसपैस, जिना चढून आल्यावर आधी श्वास आला आणि मागून तो. गळ्यात दोन चष्मे, खिशात भिंग, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "मागे एकदा". चहाबरोबर बिस्किटं घेता घेता त्याने मागे एकदाच्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन गोष्टींत तोच हिरो होता. मग हात पुसून त्याने बंदूक डायनिंग टेबलावर चादर अंथरून ठेवली आणि नळीच्या पाठीवरून भिंग फिरवलं. एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं. नळीत त्याला स्वतःचं नाक दिसलं, बाकी काही नाही.

इथे बनवणाऱ्याचं नाव असतं, तो म्हणाला.

वहिनी अभिमानाने पुढे झाली. तिने सांगितलं की सुरुवातीला काळं काळं काहीतरी होतं खरं त्या जागी. मेलं निघता निघत नव्हतं. दोन-तीन वर्षं लागली, पण शेवटी काढलंच.

बंदूकवाल्याने आणखी एक बिस्किट घेतलं. गरजच होती त्याला.

मग तो म्हणाला, नाव गेलं तरी हरकत नाही. नाव काय, कोणीही कोरतं. इंग्रजी बंदुकीची खरी जन्मखूण पोटाखाली असते. तिकडे नियमच होता, प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून बघायची, टिकली तर सरकारमान्य ठसा मारायचा, मगच विकायची. हे ठसे काळानुसार बदलत गेले, म्हणून त्यांच्यावरून वय कळतं. नळी धडापासून उतरवली की दिसतात. त्यासाठी नळीखालचं हाताएवढं लाकूड आधी काढायचं, कारण नळी आणि धड यांना एकत्र धरून ठेवतं ते तेच.

ते लाकूड हलेना. त्याने ओढलं, ठोकलं, फुंकर मारली. लाकडाच्या सगळ्या फटींत जवसाचं तेल वाळून वाळून काचेसारखं झालं होतं आणि त्यावर पॉलिशचा थर बसला होता. त्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि सांगितलं की एवढ्या वर्षांत त्याने चोरांनी, पावसाने आणि उंदरांनी बिघडवलेल्या बंदुका बघितल्या होत्या, मायेने बिघडवलेली ही पहिलीच. ऊब द्यावी लागेल. केस वाळवायचं मशीन आहे का?

होतं. वहिनीचं. ते तिच्या बॅगेत होतं आणि बॅग भरून, पट्टा आवळून दाराशी उभी होती. वहिनीने ती आडवी पाडली. मशीन अर्थातच तळाशी. ते निघेपर्यंत साड्या, नातीची विणलेली टोपडी, औषधांचा डबा आणि दादाचा फोटो असं सगळं सोफ्यावर आलं. आत्या बघत उभी होती. एवढं सगळं त्या बॅगेत मावलं होतं, याचंच तिला नवल वाटलं, आणि रागही आला. बॅगेचा.

गरम हवा लागल्यावर तेल सुटलं, हॉलभर जवसाचा वास पसरला आणि कट्ट करून लाकूड हातात आलं. मग नळी कलली आणि अलगद धडापासून सुटली. कितीतरी वर्षांनी बंदूक दोन तुकड्यांत चादरीवर पडली.

बंदूकवाल्याने आधी धड घेतलं. दस्ता, घोडा, चाप हे सगळं ज्यात बसतं तो भाग. सपाट जागेवरची काजळी पुसली, दुसरा चष्मा चढवला आणि वाचायला लागला. मुकुट. त्याखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड. हा ठसा बर्मिंगहॅमचा, त्याने सांगितलं, आणि तो एकोणीसशे चार सालानंतर मारत नसत. म्हणजे बाई, ही त्याच्या आधीची. पणजोबांची म्हणालात ना? बसतंय बरोबर.

आत्या जिंकली.

इतकी वर्षं तिने हा क्षण मनात घोळवला होता. ती काय म्हणेल, वहिनीचं तोंड कसं होईल, सगळं पाठ होतं. वहिनी मात्र "असेल" एवढंच म्हणाली आणि सोफ्यावरच्या साड्या परत घड्या घालून बॅगेत ठेवायला लागली. पॉलिशची डबी तिने वेगळी काढली होती. ती उचलून तिने टीव्हीच्या टेबलावर ठेवली. इथे लागेल, म्हणाली.

आत्याने त्या डबीकडे बघितलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बंदूक इथे. भिंत इथे. डबी इथे. आणि रविवारी नळीच्या टोकाला कोण बसणार? हरली असती तर वहिनी आणि बंदूक दोन्ही गेल्या असत्या. जिंकली तर नुसती वहिनी जाणार. असला कसला हा जुगार, ज्यात दोन्हीकडून तिचाच खिसा फाटतो. आणि हा डाव तिने स्वतः मांडला होता, एका बशीभर चहावर.

"अरेच्चा," बंदूकवाला म्हणाला.

त्याने आता नळी उलटी धरली होती. भिंग, मग टॉर्च, मग दोन्ही. त्याने धड पुन्हा उचललं, दोन्ही शेजारी ठेवली, आणि मागे एकदाची एकही गोष्ट न सांगता खुर्ची पुढे ओढली. नळीच्या पोटावर मुकुट होता, पण राजदंड नव्हते. साधी अक्षरं होती, नव्या पद्धतीच्या दारूचा ठसा होता, आणि काडतुसाच्या खोबणीची लांबी इंचांत कोरलेली होती. ही लांबी एकोणीसशे पंचवीसनंतर कोरायला लागले. पुढे चोपन्नपासून दारूचा दाब टनांत लिहीत, तो इथे नाही. म्हणजे नळी या दोन सालांच्या मधली. एखाद्या तरुण माणसाने हौसेने नवी घ्यावी अशी.

मग त्याने आकड्यांवर बोट ठेवलं. एका बंदुकीच्या सगळ्या भागांवर एकच नंबर असतो. धडावर एक होता, नळीवर दुसराच. नळीखालची, धडात अडकणारी कडी पितळेचा जोड देऊन, घासून, इथे बसवलेली होती, इतकी सफाईने की वरून कळू नये. आणि मधल्या त्या लाकडावर तर नंबरच नव्हता. ते ज्याने हा जोड घातला त्याने स्वतः घडवलेलं.

ही एक बंदूक नाही, तो म्हणाला. दोन आहेत.

मग दोघी एकदमच बोलायला लागल्या.

आत्याला आठवलं की ती एक्स्चेंजच्या ट्रेनिंगला परगावी होती, तेव्हा एकदा घरी आली तर वडिलांची एक भुवई जळलेली होती आणि आई त्यांच्याशी बोलत नव्हती. बंदूक भिंतीवर नव्हती. पॉलिशला दिलीय, म्हणाले होते. नळीत चिखल अडकला असताना बार काढला तर नळी फाटते, हे बंदूकवाल्याने शेजारून पुरवलं. वहिनीला आठवलं की माहेरी बंदूक अडगळीच्या खोलीत उभी असायची आणि एका वर्षी तिच्या दस्त्याला वाळवी लागली. आई तिला बंदूक म्हणायचीच नाही, तुमची ती काठी म्हणायची. आणि त्याच वर्षी दोन्ही व्याह्यांचं अचानक इतकं सूत जमलं होतं की दोघं सकाळी मिळून कुठेतरी जायचे आणि संध्याकाळी हात काळे करून यायचे. दोन्ही विहिणींना वाटायचं, पत्ते खेळतात.

एकाची नळी फाटलेली, दुसऱ्याचा दस्ता खाल्लेला. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एक धड बंदूक केली आणि बायकांची बोलणी नकोत म्हणून कोणाला सांगितलं नाही.

"त्याला माहीत होतं," वहिनी हळूच म्हणाली. तिचं लक्ष सोफ्यावरच्या फोटोकडे होतं. फोटोतला दादा नेहमीसारखाच अर्धवट हसत होता. दोघींचंही खरं आहे. जन्मभर तो खरं सांगत राहिला आणि जन्मभर दोघींनी त्याला भित्रा म्हटलं. आत्या आधी हसली की वहिनी, ते सांगता येणार नाही. पण दोघी इतक्या हसल्या की बंदूकवाल्याने बिस्किटांची बशी सुरक्षित अंतरावर सरकवली.

मग तो व्यवहारावर आला. आता तर सोपंच झालं, म्हणाला. ज्याचं त्याला. त्याने नळी उचलून टेबलाच्या वहिनीकडच्या टोकाला ठेवली आणि दस्त्यासकट धड आत्याच्या टोकाला. परवान्याचं काय ते मी बघतो. नळी कापडात गुंडाळून देऊ का?

वहिनीने नळी हातात घेतली. तिच्या एका टोकाला डोळा लावला आणि दुसऱ्या टोकातून आत्याकडे बघितलं.

"नुसती नळी घेऊन मी काय करू, फुंकणी?"

आत्याचे हात दस्त्यावर होते. बोटं आपोआप कुत्र्याच्या दातांच्या खळग्यांत गेली होती. ओठांवर ते वाक्य परत येऊन बसलं होतं, चहाच्या दिवशीचंच. समोर परका माणूस बसलेला, त्याच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेला, आणि असल्या गोष्टी बोलायची ही वेळ नव्हती, जागा नव्हती.

"नेऊ नकोस," ती म्हणाली.

"नळी?"

"नळी ने हवी तर. तू जाऊ नकोस."

बंदूकवाल्याने अतिशय सज्जनपणे भिंग काढलं आणि रिकाम्या कपाचं निरीक्षण सुरू केलं.

वहिनीने नळी खाली ठेवली. पदराने तिच्यावरचा बोटांचा ठसा पुसला. तिला नाक ओढायला थोडा वेळ लागला. "एवढं बोलायला बंदूकवाला आणावा लागला," ती म्हणाली. "आयुष्यभर लोकांचे फोन जोडलेस ना गं चिमे? मी तुझ्या एका शब्दासाठी बॅग तीनदा भरली आणि तीनदा उपसली. चौथ्यांदा या मेल्या मशीनसाठी."

आत्याला बॅगेचा राग आला होता, तो आता कुठे ठेवावा ते कळेना.

तरी वहिनी गेली. तिकीट काढलेलं होतं, भाचा स्टेशनवर उभा राहणार होता, आणि नात ती नातच. पण नळी तिने नेली नाही. बंदूकवाला सगळं परत जोडायला बसला, तेव्हा तिने ते मधलं लाकूड त्याच्या हातातून काढून घेतलं. तुझं नाही, माझं नाही, म्हणाली. म्हणजे कोणीही न्यावं. बंदूकवाला म्हणाला, अहो, त्याच्याशिवाय नळी धडावर राहणार नाही. वहिनी म्हणाली, माहीत आहे, मघाशी ऐकलं मी. आणि रुमालात गुंडाळून तिने ते पर्समध्ये टाकलं, चष्म्याच्या घराशेजारी.

आता हॉलमध्ये सोफ्याच्या वर एका खुंटीवर नळी होती आणि दुसरीवर धड, मधे वीतभर भिंत. येणारा जाणारा विचारायचा, काय झालं? आत्या सांगायची, गावाला गेलीय.

रविवारी तिने वर्तमानपत्र पसरलं. दस्त्याला तेल लावून झालं. मग तिने नळी घेतली, पॉलिशची डबी उघडली आणि चोळायला बसली. तिचा हात लाकडाला सरावलेला, लोखंडाला नाही. अर्ध्या तासाने नळी होती त्याहून मळकट दिसायला लागली. तेवढ्यात फोन वाजला.

वहिनीने आधी नातीचं सांगितलं. दात येतायत, सगळं चावते, परवा ते लाकूडच चावलं, तुझ्या कुत्र्यासारखं. मग भाच्याच्या घरच्या भांड्यांचं सांगितलं. सगळी काळी, काहीतरी न चिकटणारं असतं, घासायचीच नाहीत म्हणे. घासली तर सून ओरडते. मग जरा थांबून विचारलं, नळी कोणी पुसली का?

मी पुसतेय, आत्या म्हणाली.

"कशाने?"

"तुझ्याच डबीने."

"गोल गोल की उभं?"

"गोल गोल."

"ठेव ती खाली," वहिनी म्हणाली. "ठेवलीस? हात लावू नकोस. डाग धरले असतील आता. मी आल्याशिवाय ते निघायचे नाहीत."

"मग कधी येतेस?"

वहिनीने तोंड फोनपासून दूर नेऊन हाक मारलेली ऐकू आली. ती मुलाला विचारत होती की तिकीट या आठवड्याचं मिळतं का. मागे कोणीतरी रडत होतं, कोणीतरी हसत होतं, आणि आत्या एक्स्चेंजमध्ये बसायची तशी, रिसीव्हर कानाला लावून, लाइन न तोडता थांबून राहिली.